अडीचशे फुटांवरची माहिती

मोठ्या कंपनीच्या वेबसाइटवरचा शेतकरी कायम हसत असतो. डोक्याला कोरा करकरीत फेटा, अंगात इस्त्रीचा सदरा आणि मागे पंपातून धो-धो पडणारं पाणी. पाण्याजवळ उभा असूनही त्याच्या पायाला चिखल म्हणून लागलेला नसतो. तोच गृहस्थ खताच्या, विम्याच्या, ट्रॅक्टरच्या आणि कर्जाच्या जाहिरातीतही हसताना दिसतो. एवढं सगळं अंगावर घेऊन हसणारा माणूस आमच्या शहापूर तालुक्यात तरी मी पाहिलेला नाही. आणि मोटर बंद पडलेली असताना हसणारा तर पार मुरबाडपर्यंत शोधून सापडायचा नाही.

आमच्या शेणव्याच्या नाक्यावरून एक रस्ता किन्हवलीवरून सरळगाव-मुरबाडला जातो आणि दुसरा डोळखांबकडे. एप्रिल उजाडला की या दोन्ही रस्त्यांनी टँकर दिसायला लागतात. भातसा आणि तानसा ही धरणं आमच्याच तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि आमच्या वाड्यापाड्यांना टँकर, ही गोष्ट इतकी जुनी झाली आहे की आता तिच्यावर कोणी चिडतही नाही. ज्याच्या बोअरला पाणी आहे तो नशीबवान. पण बोअरला पाणी असणं आणि ते वर येणं यांच्यामध्ये एक मोटर असते आणि मोटरला मुहूर्त बरोबर कळतो. घरात पाहुणे असावेत, भेंडीला फूल लागलेलं असावं, तेव्हाच ती 'घों' असा आवाज करते आणि थांबते.

आमच्याकडची अशीच थांबली. नाक्यावरचे मिस्त्री आले, त्यांनी पडवीतल्या पेटीचं झाकण उघडलं. पेटी म्हणजे सबमर्सिबल मोटरचा पॅनल: बाहेर व्होल्टचा आणि अँपिअरचा काटा, आत दोन कंडेन्सर, एक ओव्हरलोड आणि वायरींचा गुंता. पुस्तकात कंडेन्सरला कॅपॅसिटर म्हणत असतील, नाक्यावर कोणी म्हणत नाही. आत मुंग्यांनी माती भरली होती. एक पाल दोन टर्मिनलांच्या मध्ये जोडणी करून तिथेच आटपली होती. तिच्या शेजारचा कंडेन्सर पोट फुगून काळा पडला होता. त्याच्यावर '४४० व्होल्ट' स्पष्ट वाचता येत होतं, 'एमएफडी' ही अक्षरंही होती. त्या अक्षरांच्या आधीचा आकडा तेवढा जळाला होता.

"छत्तीस असेल नाहीतर पन्नास असेल," मिस्त्री म्हणाले. "कमी टाकला तर मोटर उचलायची नाही, जास्तीचा टाकला तर गरम होऊन वाइंडिंग जाईल. तुम्ही कंपनीच्या साइटवर बघा ना. शिकलेले आहात."

गावात शिकलेल्या माणसाला ठरलेली कामं असतात. पूर्वी पत्र वाचून दाखवायचं, मग बँकेचा फॉर्म भरायचा, मग ऑनलाइन सातबारा काढून द्यायचा. आता साइटवर बघायचं. मला वाटलं, दोन अंकी आकडा तर हवाय. कंपनी केवढी मोठी, तिची साइट केवढी मोठी, त्यात दोन अंकांना जागा असेलच.

साइट उघडली तशी तिने आधी कुकीजची परवानगी मागितली. ती दिली. मग पडदाभर एक व्हिडिओ सुरू झाला, त्यात सूर्य उगवला, पाणी उसळलं आणि तो हसरा शेतकरी आला. आमच्याकडची रेंज आंब्याच्या झाडाखाली बरी असते, पण सूर्य उगवायला तिथेही वेळ लागला. पुढे कंपनीची दृष्टी, कंपनीचं ध्येय आणि कंपनीची मूल्यं. मूल्यांमध्ये सचोटी असतेच. ती नसलेली कंपनी मी अजून पाहिलेली नाही. त्यानंतर संचालक मंडळाचे फोटो, पुरस्कारांचे फोटो आणि कुठल्यातरी आदिवासी पाड्यातल्या मुलांना दप्तरं वाटतानाचे फोटो. पंप कुठे दिसेना.

शेवटी 'उत्पादने' सापडलं. तिथे विचारलं, आपण कोण? निवासी, कृषी की औद्योगिक? मी अडखळलो. आमची बोअर घरामागे आहे. तिच्यावर घरातल्या आंघोळी होतात, म्हैस धुतली जाते आणि उरल्या पाण्यावर पाच-सहा ओळी भेंडी निघते. म्हणजे आम्ही निवासीही आहोत आणि कृषीही, आणि म्हशीला धरलं तर थोडे औद्योगिकही. पण कंपनीत ही तीन खाती वेगळ्या साहेबांकडे असणार, म्हणून गिऱ्हाइकानेही स्वतःचे तीन तुकडे करून यायचं. निवासीमध्ये शिरलो तर गच्चीवरच्या टाकीचे पंप. कृषीमध्ये शिरलो तर सगळे थ्री फेज. आमचं मॉडेल कुठेच नाही. ते आता बनत नाही. बनत नाही म्हणजे साइटच्या हिशेबाने ते कधी बनलंच नव्हतं. आमच्या बोअरमध्ये काहीतरी आहे एवढं खरं, पण कंपनीला त्याची ओळख नाही.

शोधायच्या चौकोनात 'कॅपॅसिटर' असं लिहून पाहिलं. उत्तर म्हणून हरित भविष्याबद्दलचं एक भाषण आलं. माहितीपत्रकाचं बटण दाबलं तर आधी फॉर्म: नाव, मोबाइल, ईमेल, आपल्या कंपनीचं नाव, आपला हुद्दा. हुद्द्यापुढे 'पाणी नाही' असं लिहायचा मोह झाला होता. माहितीपत्रक आलं. त्यात आमच्या नाही, पण आमच्यासारख्या पंपाची मजबूत बांधणी, दीर्घ आयुष्य आणि कमी देखभाल यांचं वर्णन होतं. हेड मीटरमध्ये, डिस्चार्ज लिटर प्रति मिनिटात. इकडे बोअर मारतात तेव्हा 'दोन इंची पाणी लागलं' म्हणतात, पण ते एक वेळ चालवून घेऊ. कंडेन्सरचा आकडा त्यातही नव्हता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वरील माहितीत पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो. नसलेल्या माहितीत बदल कसा करणार, हे विचारायला कोणी समोर नव्हतं. त्या फॉर्ममुळे एक मात्र झालं, पुढे कितीतरी दिवस मला गोड आवाजात फोन येत राहिले, "सर, आपल्याला पंप घ्यायचा होता ना?"

'जवळचा विक्रेता शोधा' म्हणून एक सोय होती. शहापूरचा पिनकोड ४२१६०१ घातला, तर या भागात विक्रेता नाही असं कळलं. पिनकोड सोडून गावाचं नाव घातलं, तर लगेच सापडला. शहापूर, जिल्हा यादगीर, राज्य कर्नाटक. एक शहापूर बेळगावात आहे, एक शाहपूर मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरकडे आहे, तेव्हा साइटचा गोंधळ मी समजू शकतो. पण इतकी वर्षं अडलेला सीमाप्रश्न एका पंपाने परस्पर निकालात काढावा, हे काही बरं नाही.

उरला कस्टमर केअर. एक दाबा, दोन दाबा करत अखेर एक मुलगी बोलती झाली. बिचारी अतिशय सभ्य होती. म्हणाली, "सर, मोटरच्या नेमप्लेटवर सगळं लिहिलेलं असतं. नेमप्लेट बघून सांगा."

"नेमप्लेट मोटरवर आहे."

"हो सर. तीच बघा."

"मोटर बोअरमध्ये आहे. अडीचशे फूट खाली."

ती क्षणभर थांबली. तिच्या समोरच्या पडद्यावर यापुढचा प्रश्न नसावा. मग म्हणाली, "मग सर, एकदा बाहेर काढून बघता का?"

मोटर बाहेर काढायची म्हणजे काय, हे तिला कोणी सांगितलं नसणार. घोडी उभी करायची, चेनपुली लावायची, पाइप, केबल आणि दोरी एकमेकांत अडकू न देता फूट फूट वर ओढायची, चार माणसांची मजुरी आणि जेवण. एवढं करून एक चकती वाचायची आणि मोटर परत खाली सोडायची. कंपनीने माहिती दिलेलीच नाही असं मला म्हणता येणार नाही. धातूवर ठोकून, पुसली जाणार नाही अशी दिली आहे. फक्त ती पाण्याखाली आहे.

गंमत अशी की आकडे छापायला आपल्याकडे कोणाची ना नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, त्यात एकट्या भातसाची ७,१७,०३७. पावसाळ्यात ही आकडेवारी मुंबई महापालिका रोज जाहीर करते आणि पेपरात ती टक्क्यांसकट येते. तालुक्यातून निघून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब आम्हाला शेवटच्या अंकापर्यंत पाठ आहे. शेणव्यात वर यायच्या पाण्याचं मात्र दोन अंकांवाचून अडतं.

ही सगळी वेब नावाची भानगड सुरू झाली ती नेमकी याच दुखण्यावर औषध म्हणून. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात हजारो माणसं, हजारो यंत्रं, आणि कुठल्या यंत्राचा कागद कुठे आहे ते कोणाला कळेना. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर माहितीही जायची. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी वरिष्ठांना एक टिपण दिलं, की हे कागद एकमेकांना जोडून ठेवू, म्हणजे ज्याला हवं त्याला सापडेल. त्या टिपणातून वेब जन्माला आलं. म्हणजे मुळात ते मिस्त्री लोकांसाठीच होतं. पुढे त्यात सूर्य कसा उगवला आणि शेतकरी कसा हसला, हा वेगळा इतिहास आहे.

पण मोठ्या कंपन्यांच्या साइटवर काहीच सापडत नाही, असंही नाही. मला त्या दिवशी कंपनीचा वार्षिक अहवाल एका झटक्यात सापडला. भला जाडजूड, रंगीत, फॉर्म न भरता. कोणत्या संचालकाने किती बैठकांना हजेरी लावली, कोणाकडे किती टक्के शेअर आहेत, गुंतवणूकदाराने तक्रार कोणत्या पत्त्यावर करायची, सगळं होतं. हे कंपनीच्या चांगुलपणामुळे नाही. सेबीच्या २०१५ च्या नियमावलीत ४६ क्रमांकाचा नियम आहे, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने चालू स्थितीतली वेबसाइट ठेवली पाहिजे आणि तिच्यावर अमुक अमुक माहिती दिलीच पाहिजे. ते दप्तरं वाटपाचे फोटोसुद्धा हौसेचे नव्हेत. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करायचा असतो आणि त्याची माहिती साइटवर द्यायची असते. म्हणजे ज्याने शेअर घेतला त्याच्यासाठी साइटवर जागा आहे, कारण तसा नियम आहे. ज्याने अजून पंप घेतलेला नाही त्याच्यासाठी तर गालिचाच अंथरला आहे. ज्याने पंप घेऊन पैसे मोजले, त्याच्यासाठी एक मुलगी आहे आणि ती म्हणते, मोटर बाहेर काढा. लग्न जमेपर्यंतचे व्याही आणि अक्षता पडल्यानंतरचे व्याही, यांत जो फरक असतो तो हाच.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. यादी चांगली आहे. पण ती सगळी दुकानात उभं राहून विचारायच्या प्रश्नांची आहे. पडवीत झाकण उघडून बसल्यावर पडणारे प्रश्न तिच्यात कुठे बसतात, हे वकिलालाच विचारावं लागेल.

असं पूर्वी नव्हतं, हे वाक्य लिहायला सोपं असतं आणि बहुतेक वेळा ते खोटं असतं. तरी एका उदाहरणापुरतं लिहितो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घ्यायला धजेनात. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी समजूत होती. नांगर पडून राहिले. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तिथून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याच्या मालाची खबर गिऱ्हाइकाला मराठीत द्यायची, एवढ्यासाठी काढलेलं ते पत्रक वाढत वाढत महाराष्ट्राचं एक मोठं मासिक झालं. जाहिरात होतीच की त्यात. धंदा होता तो, धर्मादाय नव्हता. पण ज्याच्या घरी आपला नांगर गेला आहे त्याच्याशी नंतरही बोलत राहावं लागतं, असं त्या कारखान्याला वाटत होतं. (ज्या कंपनीच्या साइटवर मी हिंडलो ती ही नव्हे, हे सांगून टाकतो. उगाच कोणाचा पापड मोडायला नको.)

तिकडे साइटवर माझी दमछाक चाललेली असताना मिस्त्री पडवीत स्वस्थ बसले नव्हते. पेटीतून खाली जाणारी केबल तिपदरी असते, लाल, पिवळी, निळी. तोंडाशी ती जळून तिन्ही वायरी सारख्याच काळ्या झाल्या होत्या. यांतली रनिंगची कुठली, स्टार्टिंगची कुठली आणि कॉमन कुठली, हाही प्रश्न होता, कारण रंगांचा नियम एकेका कंपनीचा निराळा. मिस्त्रींनी तोंडं सोलली, मीटर ओहमवर लावला आणि दोन-दोन वायरींची जोडी धरून आकडे बघितले. ज्या दोन वायरींमध्ये सगळ्यात जास्त ओहम दाखवले, त्या स्टार्टिंग आणि रनिंग, उरलेली तिसरी कॉमन. मग कॉमनपासून दोघींकडे मोजलं. जास्त ओहमची ती स्टार्टिंग, कमीची रनिंग. तीन मोजण्यांत काम झालं आणि अडीचशे फूट खालच्या मोटरने आपलं गुपित निमूटपणे सांगून टाकलं. फॉर्म नाही, हुद्दा नाही.

कंडेन्सरचा आकडा मात्र मीटरला सांगता येत नाही. तो डायरीतून निघाला. मिस्त्रींच्या दुचाकीच्या डिकीत एक डायरी असते, कुठल्याशा पतसंस्थेची, ग्रीसने पारदर्शक झालेल्या पानांची. प्रत्येक दुरुस्तीची एकेक ओळ: गाव, कंपनी, हॉर्सपॉवर, किती टप्प्यांचा पंप, कंडेन्सर किती, ओव्हरलोड किती. घरमालकाचं नाव नाही, गावाचं आहे. डोळखांबकडच्या एका पाड्यावर याच कंपनीची, याच ताकदीची मोटर त्यांनी कधीतरी भरली होती. त्या ओळीत आकडा होता. नाक्यावर तो कंडेन्सरही मिळाला. दिवेलागणीच्या आत टाकी भरायला लागली.

मिस्त्रींना मी म्हणालो, ही डायरी छापायला हवी. ते म्हणाले, "छापली तर मला बोलावणार कोण?" कंपनीचंही म्हणणं कदाचित हेच असेल, फक्त ती ते इतक्या मोकळेपणाने सांगत नाही. पण दोघांना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही. मिस्त्रींनी ती माहिती उन्हातान्हात एकेक ओळ करून जमवली आहे. कंपनीकडे ती पहिल्या दिवसापासून तयार आहे, तिच्याच कुठल्यातरी इंजिनिअरने ती काळजीपूर्वक लिहून ठेवलेली आहे. त्या इंजिनिअरला कोणी विचारलं तर तो एका दमात सांगेल. साइट बनवणाऱ्याने त्याला विचारलं नाही, एवढंच.

याच्यावर उपाय शोधणारेही आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती अवजारांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. ट्रॅक्टरचं पुस्तक, सुटे भाग आणि हत्यारं कंपनीने शेतकऱ्याला उपलब्ध करून द्यायची. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि जी चार क्षेत्रं आधी घेतली त्यांत शेती अवजारं आहेत. त्याच वर्षी त्यासाठी एक पोर्टलही उघडलं. कंपन्यांनी आपली माहितीपुस्तकं, सुट्या भागांचा तपशील आणि दुरुस्तीच्या सोयी तिथे द्याव्यात अशी योजना आहे. 'द्याव्यात' आणि 'दिल्या पाहिजेत' यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढं अजून चालायचं आहे. सेबीने शेअरवाल्यांसाठी ते चालून दाखवलं, तेव्हा चालता येत नाही असं कोणी म्हणू नये. माझी मागणी तर फार छोटी आहे. बंद झालेल्या मॉडेलसकट प्रत्येक मॉडेलचं एक पान: कंडेन्सर, ओव्हरलोड, वायरींचे रंग. फोटो नको, सूर्य नको. ते पान मराठीत असेल तर उत्तम, पण आकडे कुठल्याही भाषेत वाचता येतात.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. तुमच्याकडे नवा पंप येत असेल तर तो बोअरमध्ये सोडण्याआधी दोन मिनिटं मिस्त्रींना थांबवा, नेमप्लेट फडक्याने पुसा आणि तिचा फोटो काढा. पेटीच्या आतल्या कंडेन्सरवरचे आकडेही ऑइलपेंटने झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पेनाने लिहू नका, पेन पहिल्या पावसाळ्यात जातं. फोटोही नुसता मोबाइलमध्ये ठेवू नका. एक प्रत काढा आणि सातबाराच्या फाइलीत लावा.